पाणी जातंय कुठे?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडातली घड्याळं तासभर मागे जातात, आणि त्याच सुमारास इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर, चकली-अनारशांच्या ऑर्डरींच्या मधोमध, एक फोटो हमखास येऊन पडतो. बॉयलरच्या तळाशी असतं ते छोटं गोल प्रेशर गेज. काटा एकच्या बराच खाली. सोबत एक ओळ: ‘घर गार पडलंय, कोणी सांगेल का काय करायचं?’ पाच मिनिटांत उत्तरं सुरू. ‘खालचा लूप उघड, दीडला आला की बंद कर.’ ‘आमचाही पडतो, भरायचं नि विसरायचं.’ ‘दर रविवारी भरते मी, त्यात काय एवढं!’ मग जोडलेले दोन हात, आणि गाडी परत अनारशांवर.

लूप म्हणजे नळाचं पाणी हीटिंगमध्ये भरायची बॉयलरखालची छोटी नळी. सल्ला चुकीचा नाही. त्या रात्रीपुरतं घर गरम करायला तो पुरेसा आहे. माझा आक्षेप फक्त ‘नि विसरायचं’ एवढ्यालाच आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. इथला बॉयलर गॅसवर पाणी तापवतो, पंप ते पाणी घरभर पाइपांतून फिरवतो, रेडिएटर तापतात आणि निवलेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. नळाला येणारं गरम पाणी वेगळं. रेडिएटरमधलं पाणी मात्र तेच ते, वर्षानुवर्षं फिरत असतं. साधारण तीन बेडरूमच्या घरात ते १०० लिटरच्या आसपास भरतं. यंत्रणा गार असताना काटा १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) दरम्यान असावा, तापल्यावर थोडा वर जावा आणि निवल्यावर परत जागेवर यावा. बास. सगळं बंदिस्त आहे. त्यातून पाणी वापरलं जात नाही, उडून जात नाही. नुकतीच रेडिएटरमधली हवा काढली असेल तर काटा उतरणारच, तो भाग वेगळा. एरवी काटा पुन्हा पुन्हा खाली येत असेल, तर एक तर पाणी कुठून तरी बाहेर पडतंय, नाही तर दाब धरून ठेवणारी आतली हवा गेलीय. बऱ्याचदा दोन्ही.

आमचं घर १९३०च्या दशकातलं. माळ्यावर आधीच्या हीटिंगची छोटी टाकी अजून कोरडीठाक पडून आहे. त्या जुन्या पद्धतीत गेज नव्हतंच. खाली कुठे गळती झाली की टाकीतलं पाणी उतरायचं, फ्लोट खाली यायचा, नळ उघडायचा आणि टाकी पुन्हा भरायची. सगळं बिनबोभाट. फरशीखाली वर्षानुवर्षं पाणी मुरत असलं तरी खोलीत बसलेल्याला पत्ता लागायचा नाही. लाकूड कुजून पाय खाली गेला की मग कळायचं. आता टाकी गेली आणि काटा आला. ह्या बदलातला सगळ्यात मोठा फायदा हाच, की यंत्रणा आता तक्रार करते. आणि आपण काय करतो, तर दर रविवारी लूप उघडून स्वतःच त्या टाकीतला फ्लोट होऊन बसतो.

बाबा आमच्याकडे रेडिंगला राहायला आले, त्या हिवाळ्यात आमचाही काटा असाच पडत होता. बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, जीवन प्राधिकरणात. सांगली-मिरजेकडच्या गावांच्या पाइपलाइनी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या. इथे आल्यावर पहिले काही दिवस ते कानटोपी घालून रेडिएटरला पाठ टेकून बसत आणि ‘गॅस किती जळतो गं ह्याला?’ एवढंच विचारत. पण एकदा मी ओट्याखाली हात घालून लूप उघडताना त्यांनी पाहिलं आणि कानटोपी मागे सरकली.

“काय भरतेस?”

“प्रेशर पडलंय बाबा. पाणी भरायचं, झालं.”

“ते दिसलं. पण भरलंस किती आणि गेलं किती, ह्याचा मेळ कुठंय?”

बाबांना बार हे माप पटेना. ते मनातल्या मनात त्याचे मीटर करत. एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंचीचं पाणी, म्हणून दीड बार म्हणजे पंधरा मीटर. “दुमजली घराला पुरून उरलं की,” असं म्हणून त्यांनी यंत्रणेला पास करून टाकलं. मग पुढचा प्रश्न: काटा पडतो तो केव्हा? हीटिंग चालू असताना, की बंद झाल्यावर? हळूहळू, की एकदम?

हा प्रश्न ग्रुपवर कोणीच कधी विचारत नाही, आणि निम्मं निदान त्यातच आहे. फ्रिजवर कागद लावून आम्ही सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायला लागलो. चित्र लगेच दिसलं. गार असताना काटा दीडच्या जरा खाली. हीटिंग सुरू झालं की चढत चढत थेट तीनच्या जवळ. सकाळी उठून पाहावं तर अर्ध्यावर. चढ-उतार दोन्ही जरुरीपेक्षा जास्त. नुसती गळती असती तर काटा खाली गेला असता, इतका वर गेला नसता.

त्यानंतर बाबांनी जी परीक्षा घ्यायला लावली, ती मला अजून आवडते, कारण तिला स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्याशिवाय, म्हणजे जगशिवाय, काही लागत नाही. हीटिंग बंद, सगळं गार. काटा दीडवर. मी बैठकीतल्या रेडिएटरच्या कोपऱ्यातला स्क्रू छोट्या पितळी चावीनं सैल करून खाली जग धरला. नवरा बॉयलरपाशी उभा राहून आकडे ओरडतोय. पाण्याची बारीक धार आली, काळपट, गंजाचा वास असलेली. “एक पॉइंट तीन... एक... अगं थांब थांब, अर्धा!” जगात पाव लिटरसुद्धा पाणी नव्हतं.

बाबा जगाकडे बघत म्हणाले, “एवढंसं काढल्यावर काटा झोपतो, म्हणजे मागे रेटायला काहीच नाही.”

ते असं. पाणी दाबलं जात नाही, पण तापलं की फुगतं. १० अंशांवरून ८० अंशांपर्यंत नेलं तर जवळजवळ तीन टक्के. घरातल्या १०० लिटरचे १०३ होतात, आणि त्या तीन लिटरना जायला जागा लागते, कारण तांब्याचे पाइप काही ताणत नाहीत. त्यासाठी बॉयलरच्या आत एक चपटा डबा असतो, एक्स्पान्शन व्हेसल. आत मधोमध रबराचा पडदा. एका बाजूला हीटिंगचं पाणी, दुसऱ्या बाजूला पाऊण ते एक बार दाबाची हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगलं की पडदा हवेच्या बाजूला सरकतो, निवलं की हवा त्याला परत ढकलते. हवा जागेवर असेल तर आठ लिटरच्या व्हेसलमधून काटा दीडवरून एकवर आणायला दीडेक लिटर पाणी काढावं लागतं. आमचा काटा त्याच्या कितीतरी आधी कोसळला, म्हणजे हवा कधीचीच निसटून गेली होती. वर्षानुवर्षांत ती थोडी थोडी जातेच, आणि वार्षिक सर्व्हिसिंगला येणारे सगळेच जण ती तपासतात असं नाही.

जगाचं काम अजून संपलं नव्हतं. बाबांनी फ्रिजवरचं गणपतीपुळ्याचं मॅग्नेट काढून जगाला बाहेरून चिकटवलं. काही वेळात तळाचा काळा गाळ सरकत त्या बाजूला जमा झाला. मॅग्नेट वर नेलं की मागोमाग वर, बाजूला नेलं की बाजूला. लोखंडाचा हा काळा गंज, मॅग्नेटाइट, चुंबकाला धरतो. रेडिएटर पोलादी पत्र्याचे असतात. पहिल्यांदा भरलेल्या पाण्यातला ऑक्सिजन थोडा गंज चढवून संपतो, गंज थांबवायला पाण्यात घातलेलं रसायनही असतं, आणि नंतर ते बंदिस्त पाणी तसं निरुपद्रवी होऊन जातं. दर आठवड्याला लूप उघडला की ताजा ऑक्सिजन आत, ताजा चुना आत, आणि रसायन पातळ होत होत नावापुरतं उरतं. रेडिंगचं पाणी खडूच्या खडकातून येतं, त्यामुळे चुन्याची ददात नाही. किटली उघडून बघा. मग गाळ रेडिएटरच्या तळाशी बसतो, खालचा भाग गार राहतो, पंप घरघरतो. ‘भरायचं नि विसरायचं’ ह्याची किंमत अशी आतून वसूल होते.

जाता जाता लूपबद्दल एक. तो चंदेरी विणीचा नळीचा तुकडा पिण्याच्या पाण्याची लाइन आणि हा काळा गाळ ह्यांच्यामध्ये असतो. १९९९च्या इथल्या पाणीपुरवठा नियमांनुसार ही जोडणी तात्पुरतीच हवी, भरून झालं की सोडवून ठेवायची. निम्म्या घरांत ती कायमची लटकत असते. वर तिचा एखादा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर उलटाच तमाशा: काटा कोणी न भरता आपोआप चढत राहतो.

व्हेसलचा दोष सापडला, पण पाणी जात होतं ते कुठे, हे राहिलंच होतं. दाब ३ बारला गेला की बॉयलरमधला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर सोडतो. त्याचा तांब्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढून परत भिंतीकडे वळवलेला असतो, म्हणजे उकळतं पाणी कोणाच्या अंगावर उडू नये. आमचा पाइप बागेच्या बाजूला, हायड्रेंजियाच्या मागे. तिथे विटांवर पांढरट-हिरवट ओघळ वाळलेला होता. बाबांनी फ्रीझरची एक पिशवी त्या तोंडाला रबरबँडनं बांधली. शेजारच्या आजीबाई कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, की ही भारतातली काही पद्धत आहे का. मी हो म्हटलं.

सकाळी पिशवीत पाणी.

इथपर्यंतचं सगळं घरातल्या माणसानं करण्यासारखं. पुढचं नाही. बॉयलरचं झाकण काढणं, गॅसशी संबंधित कशालाही हात लावणं, हे इथे फक्त गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्यानंच करायचं. १ एप्रिल २००९ला ही नोंदणी कॉर्गी नावाच्या जुन्या नोंदणीच्या जागी आली. येणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र असतं आणि त्याला कोणकोणती कामं करता येतात ते त्याच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. ते उलटून बघायला लाजू नये. आमच्याकडे आलेल्या बॉयलरवाल्यानं ते मी विचारायच्या आत टेबलावर ठेवलं.

माणूस कमी बोलणारा. फ्रिजवरचा आकड्यांचा कागद त्यानं दोनदा वाचला. मग यंत्रणेतल्या पाण्याचा दाब पार शून्यावर आणला, कारण पाण्याचा दाब असताना व्हेसलमधल्या हवेचं माप खोटं येतं, आणि व्हेसलच्या टोकाचं काळं टोपण काढलं. आत मोटरसायकलच्या ट्यूबला असतो तसलाच व्हॉल्व्ह. त्यानं मधली पिन नखानं दाबली. फुस्ससुद्धा झालं नाही. पाणीही आलं नाही, ही चांगली गोष्ट. पाणी आलं असतं तर रबर फाटलेलं निघालं असतं आणि व्हेसलच बदलावं लागलं असतं. मग व्हॅनमधून साधा पायानं मारायचा पंप आणून त्यानं हवा भरायला घेतली. बाबा ते बघून खूश. हजारो पौंडांच्या यंत्राचं दुखणं पंक्चरवाल्याच्या दुकानात बरं होण्यासारखं निघालं, ह्याचा आनंद त्यांना लपवता येईना.

सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र त्यानं बदललाच. एकदा का हा उघडला, की आतल्या गाळाचा कण त्याच्या बैठकीवर अडकतो आणि तो पुन्हा पुरता बसत नाही, थेंब थेंब गळत राहतो. म्हणून पुष्कळ घरांत हवा भरूनही काटा पडतच राहतो आणि लोक म्हणतात, बघा, व्हेसल नव्हतंच कारण. कारण तेच होतं. त्या व्हेसलनं मागे सेफ्टी व्हॉल्व्हही बिघडवून ठेवला. शेवटी पाण्यात नवं रसायन, परतीच्या पाइपावर गाळ धरणारा चुंबकाचा फिल्टर, आणि दोन कप चहा. बाबांनी त्याला माझ्यामार्फत विचारलं, की इकडे जमिनीखालच्या मोठ्या लाइनींची गळती कशी शोधतात. तो म्हणाला, रात्री, कान लावून. बाबा उठून त्याच्याशी हात मिळवायला गेले.

त्यांचं म्हणणं असं, की गळती शोधायची तर रात्री, सगळे झोपल्यावर. वापर थांबला की मीटर हलायला नको. हलला तर एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं आणि कुठला बंद केल्यावर मीटर थांबतो ते बघायचं. आपल्याकडे हे करायला अडचण ही, की बऱ्याच गावांत पाणी येतंच मुळी तास-दोन तास. लाइन भरेपर्यंत वेळ संपते, आणि रिकाम्या लाइनीत त्याच भोकातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. “तुमच्या ह्या घरात चोवीस तास दाब आहे,” ते म्हणाले, “ह्यात गळती लपेल कशी?”

थोडी लपली होती. बाबा मिरजेला परतल्यावरही काटा महिन्याकाठी किंचित उतरायचा, कागदावर लिहीत नसते तर लक्षातही आलं नसतं. एप्रिलमध्ये थंडी ओसरल्यावर आम्ही बाहेरगावी जाताना बॉयलर बंद केला आणि त्याच्या खालचे, घराकडे जाणारे-येणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून ठेवले. गेज आणि व्हेसल बॉयलरच्या बाजूला राहतात. परत आलो तेव्हा काटा रेसभर हललेला नव्हता, म्हणजे बॉयलर निर्दोष, गळती पाइपांत किंवा रेडिएटरांत. मग प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांना कोरडा टिश्यू गुंडाळून बघत फिरायचं. मागच्या खोलीतल्या लॉकशील्डचं, म्हणजे रेडिएटरच्या एका टोकाला टोपणाखाली असणाऱ्या व्हॉल्व्हचं, पांढरं प्लॅस्टिकचं टोपण काढलं तर आत मधल्या दांड्याभोवती हिरव्या क्षारांचा कडा जमलेला. असली गळती गालिच्यावर डाग पाडत नाही. रेडिएटर तापला की थेंब तिथेच वाळतो आणि फक्त हा कडा मागे राहतो. पान्यानं वरचा नट जरासा आवळला. संपलं.

उलट, व्हॉल्व्ह बंद करूनही काटा उतरला आणि बाहेरची पिशवी कोरडी राहिली, तर बॉयलरच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपाकडे बघायचं. २००५पासून इथे बसवलेले बहुतेक बॉयलर कंडेन्सिंग. धुरातल्या वाफेचं पाणी ह्या पाइपानं मोरीत जातं. बॉयलर कितीतरी वेळ बंद असूनही तो ठिबकत असेल तर आतला हीट एक्स्चेंजरच (गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग) फुटला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा मात्र नव्या बॉयलरची भाषा ऐकून घ्यावी.

एरवी ऐकू नये. पिशवीच्या प्रकरणानंतर शेजारच्या आजीबाईंनी मला चहाला बोलावून त्यांचं दुखणं सांगितलं. त्यांचाही काटा पडत होता, रोज, आणि घरी येऊन गेलेल्या एकानं पाहता क्षणी नव्या बॉयलरचं, अडीच हजारांच्या वर जाणारं एस्टिमेट दिलं होतं. मी व्हॉल्व्ह बंद करून ठेवायला सांगितलं. सकाळी काटा जागच्या जागी. बाहेरचा पाइप कोरडा. रेडिएटरही सगळे कोरडे. म्हणजे बॉयलर नवा आणला असता तरी तोही तेवढ्याच इमानानं रोज रिकामा झाला असता.

त्यांच्या स्वयंपाकघराची जमीन काँक्रीटची, मागाहून वाढवलेली. तिथे फ्रिजपाशी एका फरशीवर त्यांचा बोका बारा महिने पसरलेला असायचा. नुसता पाइप खालून गेला असेल तरी फरशी कोमट लागते, म्हणून बोक्याची साक्ष पुरी धरता येईना. पण त्याच फरशीचे सांधे काळे पडलेले होते, आणि शेजारच्या कपाटाचं खालचं लाकूड फुगलेलं. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून ते दाखवलं. ते म्हणाले, “आधी तिचा विमा बघा.” इथल्या अनेक घरविम्यांत गळती शोधणं आणि त्यासाठी फोडलेली जमीन पूर्ववत करणं ह्याचा खर्च मिळतो, खुद्द पाइपाचा नाही. आजीबाईंच्या विम्यात ते कलम निघालं.

जमीन फोडली. तांब्याचा पाइप कसलंही वेष्टण न घालता थेट सिमेंटमध्ये गाडलेला होता आणि एका जागी सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं. प्लंबरनं तिथे डागडुजी करण्याऐवजी तो पाइप कायमचा बाद केला आणि नवा भिंतीच्या कडेनं वरून नेला. पुढे कधी काही झालं तर डोळ्यांना दिसेल तरी. बॉयलर जुनाच आहे आणि काटा दीडवर आहे. बोक्याची फरशी तेवढी गार पडली, आणि त्यासाठी आजीबाई त्या प्लंबरला अजून माफ करायला तयार नाहीत.